एकाच फाइलने अख्खी डिस्क भरू नये म्हणून: युनिक्स शेलमध्ये फाइलच्या आकाराची मर्यादा

सबमिशनचा आठवडा आहे. पुण्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये एकच लिनक्स सर्व्हर आहे आणि त्यावर दीडशे विद्यार्थ्यांची खाती आहेत. एकाच्या सी प्रोग्राममध्ये लूपचा काउंटर वाढवायचा राहतो, लूप थांबत नाही, आणि आउटपुट तर फाइलमध्ये वळवलेले असते. डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल, तर ५० जीबी मोकळी जागा साडेआठ मिनिटांत संपते. मग उरलेल्या एकशे एकोणपन्नास जणांच्या पडद्यावर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ उमटते आणि कोणालाच आपला जर्नलचा प्रोग्राम सेव्ह करता येत नाही. ज्याच्या लूपमुळे हे झाले, त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो.

यावरचा उपाय युनिक्समध्ये पूर्वीपासून आहे: यूलिमिट. शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, नुसते यूलिमिट टाइप करून एंटर दाबले, कुठलाही पर्याय दिला नाही, तरी बॅश हा नेहमीचा शेल फाइलच्या आकाराचीच मर्यादा दाखवतो. मेमरी, प्रोसेसची संख्या, उघड्या फाइली हे सगळे नंतर आले. ही आज्ञा मुळात फाइलच्या आकारासाठीच होती.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. या लेखात आज्ञा, फाइलींची नावे आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे. यूलिमिटचे स्पेलिंग यू-एल-आय-एम-आय-टी. त्याच्या पर्यायांमध्ये ‘एफ’ लहान लिपीतला, तर ‘एस’ आणि ‘एच’ मोठ्या लिपीतले.

मर्यादा नेमकी कशावर लागते

इथे गैरसमज फार असतात, म्हणून हे आधी नीट समजून घ्या. मर्यादा प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, चिकटलेली असते, वापरकर्त्याच्या खात्याला नाही. तुमचा शेल ही एक प्रोसेस. त्यातून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम शेलची मर्यादा वारशाने घेतो, आणि त्याने सुरू केलेले प्रोग्राम त्याच्याकडून घेतात. शिवाय ही मर्यादा एकेका फाइलवर असते, सगळ्या फाइलींच्या बेरजेवर नाही. २०० एमबीची मर्यादा असलेला विद्यार्थी २०० एमबीच्या हजार फाइली बिनदिक्कत करू शकतो. बेरीज आवरायची असेल तर कोटा लागतो. तो विषय शेवटी आहे.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा आकडा बाइटमध्ये ठेवतो आणि फाइलमध्ये लिहिताना दर वेळी तपासतो. समजा मर्यादा १० एमबी आहे आणि प्रोग्राम ९.९ एमबीवर असताना आणखी १ एमबी लिहायला सांगतो. कर्नल १० एमबी भरेल इतकेच लिहितो आणि ‘इतके लिहिले’ असे कळवतो. त्यानंतरच्या लिहिण्याला मात्र प्रोसेसकडे एसआयजीएक्सएफएसझेड हा सिग्नल जातो. नेहमीच्या पीसीवर त्याचा क्रमांक २५. प्रोग्रामने त्याची काही सोय केलेली नसेल तर प्रोग्राम मरतो आणि शेल ‘फाइल साइझ लिमिट एक्सीडेड’ असा निरोप देतो. एक्झिट कोड येतो १५३, म्हणजे १२८ अधिक २५.

सगळे प्रोग्राम असे मरत नाहीत. पायथन सुरू होतानाच हा सिग्नल दुर्लक्षित करून ठेवतो. त्यामुळे तिथे प्रोसेस जिवंत राहते, पण लिहिणे फसते आणि ओएसएरर, एर्नो २७, ‘फाइल टू लार्ज’ असा अपवाद येतो. कारण एकच असले तरी सीच्या लॅबमध्ये एक निरोप दिसतो आणि पायथनच्या लॅबमध्ये दुसरा. शिकवणाऱ्यांनी दोन्ही ओळखून ठेवलेले बरे.

तपासणी लिहिण्याच्या जागेची होते, डिस्कवर प्रत्यक्ष व्यापलेल्या ब्लॉकची नाही. मधे पोकळी सोडून ५ जीबीच्या ठिकाणी एकच बाइट लिहिणारी विरळ फाइल डिस्कवर जेमतेम ४ केबी घेते, तरीही १ जीबीच्या मर्यादेत ती अडते. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क इमेज अशाच अडतात. मर्यादेपेक्षा मोठी फाइल आधीपासून असेल तर ती वाचता येते आणि काढूनही टाकता येते, पण मर्यादेच्या पलीकडच्या भागात लिनक्स लिहू देत नाही. पाइप आणि नेटवर्क सॉकेट यांना ही मर्यादा लागत नाही.

आधी स्वतःच्या शेलमध्ये करून पाहा

इतरांवर मर्यादा घालण्याआधी ती स्वतः अनुभवा. बॅशमध्ये कंसात आज्ञा दिल्या की त्या उपशेलमध्ये चालतात आणि मर्यादा तिथेच संपते, तुमचा चालू शेल सुरक्षित राहतो:

( यूलिमिट -एफ १०२४०; हेड -सी २०एम /डेव्ह/झिरो > चाचणी )
एको $?
एलएस -एल चाचणी

पहिली ओळ १० एमबीची मर्यादा घालून २० एमबी लिहायला लावते. निरोप येईल, दुसरी ओळ १५३ दाखवेल, आणि फाइलचा आकार बरोबर १०४८५७६० बाइट असेल. फाइल नेमकी अशा गोल आकड्यावर थांबलेली दिसणे ही या मर्यादेची सर्वांत भरवशाची खूण आहे. भरलेल्या डिस्कमुळे तुटलेली फाइल सहसा अशा नेमक्या जागी थांबत नाही.

कंस न घालता हीच आज्ञा दिलीत तर त्या टर्मिनलपुरते अडकलात. त्याचे कारण पुढच्या भागात.

सॉफ्ट आणि हार्ड

प्रत्येक मर्यादेचे दोन आकडे असतात. कर्नल अडवतो तो सॉफ्ट मर्यादेवर. हार्ड मर्यादा ही सॉफ्टची कमाल. साधा वापरकर्ता आपली सॉफ्ट मर्यादा हार्डपर्यंत हवी तेव्हा वर-खाली करू शकतो. हार्ड मर्यादा त्याला फक्त खाली आणता येते, परत वर नेता येत नाही. ते रूटचे, म्हणजे ॲडमिन खात्याचे, काम.

बॅशमध्ये एस किंवा एच न देता यूलिमिट -एफ १०२४० म्हटले की दोन्ही आकडे एकदम बदलतात, आणि हार्ड खाली गेल्यामुळे परतीचा रस्ता बंद होतो. डॅशमध्येही असेच. झी शेल मात्र उलट वागतो: पर्याय दिला नाही तर तो फक्त सॉफ्ट बदलतो. टीसीएसएचमध्ये आज्ञाच वेगळी आहे, लिमिट फाइलसाइझ १०एम, आणि तीही -एच (इथे लहान लिपीतला) दिल्याशिवाय सॉफ्टपुरतीच चालते. म्हणून सवय अशी लावा की बदलताना एस किंवा एच नेहमी स्पष्ट लिहायचे:

यूलिमिट -एस -एफ २०४८००
यूलिमिट -एच -एफ

दुसरी ओळ हार्ड आकडा फक्त दाखवते. एच न देता विचारले तर सॉफ्ट दिसतो.

लॅबसाठी या दोन आकड्यांचा उपयोग मोठा आहे. सॉफ्ट लहान ठेवला की चुकून सुटलेला लूप लगेच अडतो. हार्ड ऐसपैस ठेवला की ज्याला खरोखर मोठी फाइल हवी आहे तो स्वतःच एका ओळीत सॉफ्ट वाढवून घेतो आणि त्याला सिस्टिम ॲडमिनच्या केबिनबाहेर ताटकळावे लागत नाही. दोन्ही आकडे सारखे ठेवणाऱ्या लॅबमध्ये तक्रारी जास्त येतात, त्याचे कारण हेच.

एककांचा घोळ

सर्वांत जास्त चुका इथे होतात. बॅशमध्ये यूलिमिट -ए दिले की फाइल साइझसमोर ‘ब्लॉक्स’ असे छापलेले दिसते. पण ब्लॉक म्हणजे किती हे तिथे लिहिलेले नसते. बॅशमध्ये तो १०२४ बाइटचा. डॅश, कॉर्न शेल आणि झी शेल यांत ५१२ बाइटचा. आणि बॅश पॉसिक्स पद्धतीने चालत असेल, तर त्याच बॅशमध्येही ५१२.

व्यवहारात याचा फटका असा बसतो: स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत /बिन/एसएच असेल, तर डेबियन-उबुंटूवर डॅश चालतो आणि रेड हॅट घराण्यात एसएच या नावाने सुरू झालेला बॅश पॉसिक्स पद्धतीत जातो. दोन्हीकडे एकक ५१२ बाइटचे. टर्मिनलवर बॅशमध्ये तपासून घेतलेली ओळ अशा स्क्रिप्टमध्ये जशीच्या तशी चिकटवली की मर्यादा निम्मी होते. ५०० एमबीच्या जागी २५० एमबीवर बॅकअप तुटतो, आणि चूक दिसत नाही, कारण आकडा तर तोच आहे.

५०० एमबी हवे असतील तर कुठे काय लिहायचे ते असे. बॅश आणि फिशमध्ये ५१२०००. डॅश, कॉर्न शेल, झी शेल आणि एसएचच्या स्क्रिप्टमध्ये १०२४०००. टीसीएसएचमध्ये ५००एम. खाली येणाऱ्या लिमिट्स.कॉन्फमध्ये ५१२०००, कारण तिथे एकक केबी आहे. प्रलिमिट (चालू प्रोसेसची मर्यादा बदलणारी आज्ञा) आणि /प्रॉकमध्ये ५२४२८८०००, म्हणजे थेट बाइट. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ५००एम. हा परिच्छेद छापून सर्व्हरच्या रॅकवर चिकटवायच्या लायकीचा आहे.

बॅशमध्ये यूलिमिट -एफ ५००एम चालत नाही, ‘इनव्हॅलिड नंबर’ म्हणून तो परत पाठवतो. आकडा स्वतः काढायचा नसेल तर शेलकडून काढून घ्या: यूलिमिट -एस -एफ $((५०० * १०२४)).

शंका राहिली तर शेलला विचारूच नका, कर्नलला विचारा. कॅट /प्रॉक/सेल्फ/लिमिट्स ही आज्ञा ‘मॅक्स फाइल साइझ’ या ओळीत सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही बाइटमध्ये दाखवते. शेल कोणताही असो, हा आकडा खरा.

सगळ्यांसाठी मर्यादा: दारावरच घाला

/ईटीसी/प्रोफाइलमध्ये यूलिमिटची ओळ टाकण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो अर्धाच कामाचा आहे. ती फाइल फक्त लॉगिन शेल वाचतो. एसएसएचवरून एकच आज्ञा चालवली, एसएफटीपीने फाइल चढवली, क्रॉनमधून काम लावले किंवा टीसीएसएच वापरला, की ती ओळ वाचलीच जात नाही. मर्यादा घालायची जागा म्हणजे सत्र सुरू होते तो उंबरठा, आणि लिनक्सवर तो उंबरठा पॅमचा, म्हणजे लॉगिन तपासून सत्र उघडणाऱ्या व्यवस्थेचा, आहे. पॅमचे पॅम_लिमिट्स हे मॉड्यूल सत्र उघडताना /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ आणि त्यानंतर त्याच ठिकाणच्या लिमिट्स.डी फोल्डरमधल्या .कॉन्फने संपणाऱ्या फाइली नावाच्या क्रमाने वाचते.

पहिली पायरी, गट. सगळ्या विद्यार्थ्यांना एका गटात घ्या: ग्रुपॲड विद्यार्थी, मग प्रत्येक खात्यासाठी यूजरमॉड -एजी विद्यार्थी खात्याचे-नाव. इथला ‘ए’ लहान आणि ‘जी’ मोठा. ‘ए’ विसरलात तर त्या खात्याचे बाकीचे जोडगट निघून जातात.

दुसरी पायरी, नियम. मूळ लिमिट्स.कॉन्फला हात लावू नका. लिमिट्स.डीमध्ये ९०-लॅब.कॉन्फ अशी स्वतंत्र फाइल करा. अपडेटच्या वेळी मूळ फाइलीवरून प्रश्न आला तरी तुमचे नियम जागेवर राहतात. तीत हे लिहा:

@विद्यार्थी सॉफ्ट एफसाइझ २०४८००
@विद्यार्थी हार्ड एफसाइझ २०९७१५२

म्हणजे सॉफ्ट २०० एमबी, हार्ड २ जीबी. नावाआधीचे @ चिन्ह गट दाखवते. ते राहिले तर पॅम ‘विद्यार्थी’ नावाचा माणूस शोधते, तो सापडत नाही, आणि नियम मुकाट्याने निष्फळ होतो. कुठेही एरर येत नाही.

एखाद्याला सूट द्यायची असेल तर त्याच्या खात्याच्या नावाने वेगळी ओळ लिहा. नावाची ओळ गटाच्या ओळीपेक्षा वरचढ ठरते आणि गटाची ओळ तारांकनाच्या ओळीपेक्षा. तारांकन म्हणजे ‘सगळे’, पण त्यात रूट येत नाही. रूटला गटाची ओळही लागत नाही, त्याच्यासाठी रूट असे नावच लिहावे लागते. आणि रूटवर ही मर्यादा घालूच नये: अपडेट, डेटाबेसचे बॅकअप, लॉग, सगळे त्याच्या हातून चालते.

तिसरी पायरी, मॉड्यूल खरेच लागू आहे का ते पाहा. ग्रेप -आर पॅम_लिमिट्स /ईटीसी/पॅम.डी चालवा (ग्रेपचा ‘आर’ लहान लिपीतला). डेबियन-उबुंटूवर ते लॉगिन, एसएसएचडी, एसयू आणि क्रॉन यांच्या फाइलींत दिसायला हवे, रेड हॅट घराण्यात सिस्टम-ऑथ आणि पासवर्ड-ऑथमध्ये. एसएसएचडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूजपॅम यस असणेही गरजेचे आहे. ते नो असेल तर एसएसएचने येणाऱ्या कोणालाच हे नियम लागणार नाहीत.

चौथी पायरी, तपासणी. रूटने एसयू - खात्याचे-नाव देऊन पाहता येते, पण खरी खात्री नव्याने एसएसएच करूनच होते. आत गेल्यावर कॅट /प्रॉक/सेल्फ/लिमिट्स.

आधीपासून उघडी असलेली सत्रे बदलत नाहीत. हे ठाऊक असूनही लोक टीमक्सपाशी (टर्मिनलच्या खिडक्या लॉगआउटनंतरही चालू ठेवणारा प्रोग्राम) फसतात. टीमक्सचा सर्व्हर कालच्या लॉगिनमध्ये सुरू झालेला असेल, तर आज त्यात उघडलेली नवी खिडकीही कालचीच मर्यादा घेऊन येते. स्क्रीनचे तेच, दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या व्हीएस कोडच्या प्रोसेसचेही तेच. नियम बदलल्यावर टीमक्स किल-सर्व्हर करून पुन्हा या.

जिथे हा नियम पोचत नाही

सिस्टमडीच्या सेवा पॅमच्या दारातून येत नाहीत, त्यामुळे लिमिट्स.कॉन्फ त्यांना ठाऊक नसते. लॅबमध्ये ज्युपिटरहब सेवा म्हणून चालत असेल तर तिच्याखाली सुरू होणाऱ्या नोटबुकना सेवेची मर्यादा मिळते. तिच्यासाठी सिस्टमसीटीएल एडिट सेवेचे-नाव देऊन सर्व्हिस या विभागाखाली लिमिटएफसाइझ=५००एम:२जी अशी ओळ लिहा. विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांआधी सॉफ्ट, नंतर हार्ड. मग सेवा रीस्टार्ट करा. डेस्कटॉपवरच्या काही टर्मिनल खिडक्याही वापरकर्त्याच्या सिस्टमडी मॅनेजरमधून सुरू होतात. एसएसएचमध्ये मर्यादा दिसते पण डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये दिसत नाही असे झाले, तर यूजर@.सर्व्हिसला हीच ओळ जोडा.

एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारी पद्धत) असलेल्या लॅबमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. होम फोल्डर सर्व्हरवर असले तरी विद्यार्थ्याचा प्रोग्राम समोरच्या पीसीवर चालतो, आणि मर्यादा तपासतो तो त्या पीसीचा कर्नल. सर्व्हरवर नियम घालून उपयोग शून्य. नियम प्रत्येक क्लायंटवर जायला हवा.

डॉकरचे कंटेनर (प्रोग्राम चालवण्याचे वेगळे कप्पे) पार्श्वभूमीत चालणारा डीमन सुरू करतो, वापरकर्त्याचा शेल नाही. ज्याला डॉकर गटात घेतले त्याची फाइलची मर्यादा जवळजवळ गेलीच असे समजा. डॉकर रनला --यूलिमिट एफसाइझ= देता येते, आकडा बाइटमध्ये.

क्लस्टरवर तर नियम उलट्या दिशेने पोचतो. स्लर्म हा कामे वाटून देणारा प्रोग्राम काम सोपवताना लॉगिन नोडवरच्या सॉफ्ट मर्यादा मूळ सेटिंगनुसार कम्प्यूट नोडवर घेऊन जातो. लॉगिन नोडवर २०० एमबी सॉफ्ट ठेवली आणि कोणी रात्रभराचे सिम्युलेशन लावले, तर ते कम्प्यूट नोडवर २०० एमबीला मरते. पुण्यात सी-डॅकमुळे आणि आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रामुळे महासंगणकावर काम करणारे विद्यार्थी बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आपल्या विभागाचा लहान क्लस्टर उभारताना स्लर्मच्या कॉन्फिगमध्ये प्रोपगेटरिसोर्सलिमिट्सएक्सेप्ट=एफसाइझ ठेवा.

आकडा किती ठेवावा

अंदाजाने ठेवू नका, आधी मोजा. आज खऱ्या कामाच्या किती मोठ्या फाइली आहेत ते असे पाहा:

फाइंड /होम -एक्सडेव्ह -टाइप एफ -साइझ +२००एम -प्रिंटएफ '%एस %यू %पी\एन' | सॉर्ट -एन

(टक्क्यांपुढची अक्षरे आणि ‘एन’ सगळी लहान लिपीत, +२००एममधला ‘एम’ मोठा.) यादीत आकार, मालक आणि जागा येते. ती वाचताना कामाची फाइल आणि कचरा वेगळा करा.

सी, सी प्लस प्लस आणि शेल स्क्रिप्टच्या प्रॅक्टिकलना सॉफ्ट २०० एमबी भरपूर होते. मशीन लर्निंगच्या लॅबला हे लावलेत तर पहिल्याच दिवशी पिपने लायब्ररी उतरवणे फसेल, कारण तिथल्या एकेका पॅकेजची फाइल शेकडो एमबीची असते. तिथे सॉफ्ट निदान ४ जीबी. गिटचेही लक्षात ठेवा: मोठी रिपॉझिटरी क्लोन करताना सगळा इतिहास बहुधा एकाच पॅक फाइलमध्ये येतो, त्यामुळे गिट मधेच तुटतो आणि दोष नेटवर्कला दिला जातो. पोस्टग्रेस हा डेटाबेस आपले तक्ते १ जीबीच्या तुकड्यांत ठेवतो, म्हणून तो ज्या खात्याने चालतो त्याला १ जीबीच्या खाली आणणे म्हणजे तक्ता मोठा होण्याच्या दिवसाची वाट पाहणे. तिथे मर्यादा नकोच.

विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका किंवा एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांमध्ये, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्यांचा प्रश्न निराळा असतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांमधून येणारा डेटा एका फाइलमध्येच कित्येक जीबीचा होतो. अशा गटाला फाइलच्या आकाराची मर्यादा घालण्यात अर्थ नाही. त्यांना वेगळी डिस्क द्या आणि तिच्यावर कोटा लावा.

शून्य हा आकडा चुकूनही देऊ नका. शून्य मर्यादेत रिकामी फाइल बनते, पण तिच्यात एक बाइटही जात नाही. शेलचा इतिहास, एक्सऑथॉरिटी, एडिटरची तात्पुरती फाइल, सगळे अडते.

चालू प्रोसेसची मर्यादा बदलणे

तीन दिवस चाललेले सिम्युलेशन आहे, आउटपुट १.९ जीबीवर आले आहे आणि हार्ड मर्यादा २ जीबी. अशा वेळी प्रोसेस मारून पुन्हा सुरू करायची गरज नाही. रूटने हे द्यावे, ४३२१ हा प्रोसेसचा क्रमांक धरून:

प्रलिमिट --पिड ४३२१ --एफसाइझ=८५८९९३४५९२:८५८९९३४५९२

आकडे बाइटमध्ये, म्हणजे इथे ८ जीबी. तपासणी दर लिहिण्याला होत असल्याने बदल त्या क्षणापासून लागू होतो. फक्त सॉफ्ट वाढवायची असेल, तर हार्डच्या आत मालक स्वतःच्या प्रोसेसवर हीच आज्ञा रूटशिवाय देऊ शकतो. विद्यार्थ्यांना ही एक ओळ शिकवून ठेवा, मध्यरात्रीचे फोन कमी होतात.

हे फक्त त्या एका प्रोसेसपुरते आहे. तिची आधीच सुरू झालेली मुले, म्हणजे तिने सुरू केलेल्या प्रोसेस, जुन्याच मर्यादेवर राहतात. सिम्युलेशन स्क्रिप्टमधून चालत असेल तर फाइल प्रत्यक्ष कोण लिहीत आहे ते एलएसओएफने शोधा आणि त्या क्रमांकावर मर्यादा वाढवा. स्क्रिप्टच्या क्रमांकावर वाढवून काही होणार नाही.

हमखास येणाऱ्या अडचणी

लॉगिनच होत नाही. हे कोडे पहिल्यांदा समोर आले की दिवस खाते. जुन्या पद्धतीची /व्हार/लॉग/लास्टलॉग ही फाइल प्रत्येक यूआयडीसाठी, म्हणजे खात्याच्या क्रमांकासाठी, २९२ बाइटची जागा धरते आणि नोंद यूआयडी गुणिले २९२ या ठिकाणी लिहिते. खाती डिरेक्टरी सर्व्हरवरून येत असतील आणि यूआयडी ५० लाखांच्या घरात असेल, तर ती नोंद १४६ कोटी बाइटच्या पलीकडे पडते. फाइल विरळ असल्याने डिस्कवर किरकोळ, पण १ जीबीची मर्यादा लागलेल्या सत्रात लिहिणे अडते आणि लॉगिन तिथेच कोसळते. पॅम_लास्टलॉगच्या ओळीला अनलिमिटेड हा पर्याय नेमका यासाठीच दिलेला आहे. तो जोडा.

‘फाइल टू लार्ज’ येते, पण मर्यादा तर अनलिमिटेड आहे. मग फाइल कुठे जाते आहे ते पाहा. फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीला एक बाइट कमी, यापेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि निरोप तोच येतो. ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ हा निरोप मात्र वेगळ्या कारणाचा, त्याचा यूलिमिटशी संबंध नाही.

बॅकअप स्क्रिप्ट अर्धवट फाइल मागे ठेवून मरते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ट्रॅप '' एक्सएफएसझेड लिहा. मग सिग्नल दुर्लक्षित होतो, टार मरण्याऐवजी एरर देऊन परततो, आणि पुढच्या ओळीत तुम्ही अर्धवट फाइल काढून टाकू शकता. मोठा बॅकअप मर्यादेत बसवायचा असेल तर टारचे आउटपुट पाइपने स्प्लिट -बी ९००एमला द्या. जोडताना तुकडे क्रमाने कॅट करायचे.

एआयएक्सवर फाइल १ जीबीच्या आसपास तुटते. तिथे मूळ मर्यादाच २०९७१५१ असते, एकक ५१२ बाइट. नियम /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्समध्ये असतात. सीएचयूजर एफसाइझ=-१ खात्याचे-नाव देऊन पुन्हा लॉगिन करा. फ्रीबीएसडीवर /ईटीसी/लॉगिन.कॉन्फमधल्या वर्गात फाइलसाइझ लिहितात आणि मग कॅप_एमकेडीबी चालवतात. ते चालवायचे राहिले तर बदल लागू होत नाही.

बेरजेसाठी कोटा

फाइलची मर्यादा सुटलेल्या लूपला आवरते, साठवत राहण्याच्या सवयीला नाही. म्हणून दोन्ही हवेत. ईएक्सटी४ वर /ईटीसी/एफएसटॅबमध्ये /होमच्या पर्यायांत यूएसआरकोटा जोडा, माउंट -ओ रीमाउंट /होम करा, कोटाचेक -सीयूएम /होम (तिन्ही अक्षरे लहान) आणि मग कोटाऑन /होम चालवा. कोटाचेकच्या वेळी कोणी काम करत नसावे, रविवारी सकाळी उरकलेले चांगले. एक्सएफएसवर यूकोटा हा पर्याय पहिल्याच माउंटला द्यावा लागतो, रीमाउंटने तो लागत नाही.

मग एकेका खात्याला:

सेटकोटा -यू खात्याचे-नाव ४१९४३०४ ५२४२८८० ० ० /होम

एकक १ केबी, म्हणजे सॉफ्ट ४ जीबी, हार्ड ५ जीबी. पुढची दोन शून्ये फाइलींच्या संख्येसाठी, शून्य म्हणजे मर्यादा नाही. इथला सॉफ्ट यूलिमिटच्या सॉफ्टपेक्षा निराळा आहे: तो ओलांडला तरी लगेच अडत नाही. मुदत मिळते, मूळ सेटिंगनुसार ७ दिवसांची, आणि ती संपेपर्यंत जागा रिकामी केली नाही तर मग लिहिणे थांबते. सबमिशनच्या तोंडावर ही मुदत संपत नाही ना, ते रेपकोटा /होमच्या यादीतल्या ग्रेसच्या रकान्यात आठवडाभर आधी पाहून घ्या आणि ज्यांची नावे तिथे आहेत त्यांना तेव्हाच कळवा.